पुसलेले चित्र

दिवाळी होऊन आठवडाही झाला नव्हता, तोच भोपाळहून अक्काचा फोन आला. अक्का माझी मावसबहीण. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. ती सहसा फोन करीत नाही, आणि केलाच तर प्रकृती, पाऊस आणि नातवंडांच्या परीक्षा यांपलीकडे जात नाही. या खेपेस मात्र तिने एकदम सांगून टाकले, “अरे, यांचं ते राखी चित्र सूनबाईनं पुसलं. तेव्हापासून घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही. तू चित्रातला माणूस. एकदा येऊन जा.”

‘चित्रातला माणूस’ म्हणजे इतकेच, की मी इंदुरात पस्तीस वर्षे शाळेतल्या मुलांना चित्रकला शिकविली. माझा चित्रांचा व्यापार नाही आणि चित्रे दुरुस्त करण्याची विद्याही मजपाशी नाही. पण नात्यातल्या बोलावण्याला अशी कारणे सांगून चालत नाही. दोन दिवसांनी मी भोपाळास गेलो.

अक्काचे घर आनंद नगरात. शहरातून रायसेनच्या रस्त्याने निघाले, की हेवी इलेक्ट्रिकल्सची वसाहत लागते आणि पिपलानीच्या पुढे ही वस्ती येते. भाऊजी मूळचे मुंबईचे. त्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून साठीच्या दशकाच्या अखेरीस ते भोपाळला आले आणि येथलेच झाले. निवृत्त झाल्यावर त्यांनी हे घर बांधले. ते जाऊन आता अकरा वर्षे झाली. येताना मुंबईहून त्यांनी एक ट्रंक, एक तबल्याची जोडी आणि हे चित्र, एवढीच मालमत्ता आणली होती, असे अक्का सांगते.

आपल्या माळव्यातल्या जुन्या मराठी घरांतून चित्र म्हणजे काय, हे वाचकांस सांगावयास नको. बैठकीत आजोबांचे पागोटे घातलेले तैलचित्र, देवघराबाहेर रविवर्म्याची छापील लक्ष्मी, आणि कोठे भाग्य असेल तर देवळालीकर मास्तरांच्या परंपरेतला एखादा निसर्गदेखावा. देवळालीकरांनी १९२७ साली इंदुरात चित्रशाळा काढली. बेंद्रे, हुसेन, द. जो. जोशी, चिंचाळकर यांच्यासारखे लोक त्या वातावरणात घडले. त्यामुळे चित्राचा आपल्याला विटाळ नाही. पण भाऊजींचे चित्र पाहून भलेभले रसिकही क्षणभर गप्प होत. दोन हात रुंद, तीन हात उंच असा कॅनव्हास, आणि त्यावर एकच राखी रंग. ना झाड, ना माणूस, ना रेघ. पाहुणे विचारीत, “हे पुरं व्हायचं राहिलं का?” भाऊजी हसून सांगत, “पाहायचं राहिलं आहे.”

मी पोहोचलो तेव्हा चित्र भिंतीवरून उतरवून दिवाणावर उताणे ठेवले होते. खिडकीतून येणाऱ्या उन्हात मधोमध तळहाताएवढा डाग चकाकत होता. झाले ते असे. दिवाळीच्या साफसफाईत सूनबाईने सगळ्या तसबिरी उतरवल्या, काचा पुसल्या, आणि त्याच ओल्या फडक्याने या चित्रावरची धूळही पुसावयास घेतली. चित्राला काच नव्हती. दोन-चार हात फिरवल्यावर फडक्याला राखाडी लागली, म्हणून घाबरून तिने हात आवरला. पाणी वाळले, आणि जेथे फडके घासले गेले तेथे मखमलीसारखा मंद रंग जाऊन पाटीसारखी चमक आली.

एरवी ही गोष्ट दोन दिवसांत विसरली गेली असती. पण मध्येच एक वर्तमानपत्र आले. भाच्याने ते जपून ठेवले होते. मी हातपाय धुऊन बसतो न बसतो तोच त्याने ते पुढे केले. २०२५ च्या सप्टेंबरात झालेल्या एका लिलावात वासुदेव गायतोंडे यांच्या १९७० सालच्या चित्राला ६७ कोटींहून अधिक किंमत आली, अशी बातमी होती. शेजारी चित्राचा फोटो. तेही असेच जवळजवळ एकरंगी. “मामा, बाबांनी आपलं चित्र मुंबईतच घेतलं. तेही त्याच सुमाराला. हे गायतोंड्यांचं असलं तर?” तो पुढे बोलला नाही, पण स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या सूनबाईने मान खाली घातली. त्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग तिने आठ दिवसांत पुष्कळदा ऐकला असावा.

येथे गायतोंड्यांविषयी थोडे सांगणे अवश्य आहे, कारण एकरंगी चित्र म्हणजे काय हे त्यांच्याइतके आपल्या माणसांत दुसऱ्या कोणाकडून समजत नाही. वासुदेव संतू गायतोंडे यांचा जन्म १९२४ साली नागपुरात झाला. घराणे गोव्याचे, वाढ गिरगावातल्या चाळीतली, शिक्षण जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. तेथली पदविका त्यांनी १९४८ साली घेतली. प्रारंभी ते माणसे, पक्षी, आकृती काढीत. पन्नाशीच्या दशकाच्या शेवटाकडे त्यांनी आकृतीचा हात सोडला तो कायमचा. १९५७ साली टोकिओत तरुण आशियाई चित्रकारांसाठीचे पारितोषिक त्यांना मिळाले. १९६४ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. १९७१ साली पद्मश्री झाले. पुढे ते दिल्लीस जाऊन राहिले आणि २००१ साली वारले. झेन विचार, रमण महर्षी आणि मुंबईच्या खेतवाडीतले निसर्गदत्त महाराज यांच्याकडे त्यांचा ओढा होता. आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हटलेले त्यांना रुचत नसे. अमूर्त म्हणजे कशाचे तरी मूर्त रूप गाळून उरलेले. यांच्या चित्रात गाळण्यासारखे काही मुळात नव्हतेच. मध्य प्रदेश शासनाने कालिदास सन्मान देऊन त्यांचा गौरव केला, तेव्हा भोपाळला हे नाव परके नाही. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरविले. त्याच्या आदल्या वर्षी मुंबईतल्या लिलावात त्यांच्या एका चित्राला २३ कोटी ७० लाख रुपये आले होते, आणि तेव्हापासून हे नाव चित्रे न पाहणाऱ्या घरांतही पोहोचले.

परंतु ही माणसे चित्र करीत कसे, हे त्या बातम्यांत येत नाही. गायतोंडे कॅनव्हासवर रंगाचा थर देत, रोलर फिरवीत, पातळ सुरीने तो खरवडून काढीत, पुन्हा थर देत. कागदाचे कपटे ओल्या रंगावर ठेवून उचलीत, त्याचे ठसे राहत. वर्षाकाठी हातावेगळी होणारी चित्रे मोजकीच असत. उरलेला वेळ विचारात आणि बघण्यात जाई. अशा चित्रात एका रंगाखाली दुसरा, त्याखाली तिसरा असे पदर असतात आणि उजेड त्यांतून गाळून बाहेर येतो. म्हणजे ज्याला आपण ‘नुसता राखी रंग’ म्हणतो, तो वस्तुतः पन्नास वेळा घातलेल्या आणि काढलेल्या हाताचा हिशोब असतो. तो हिशोब वरच्या केसभर जाडीच्या पापुद्र्यावर लिहिलेला असतो. आजोबांच्या तैलचित्रात पागोट्याचा एक कोपरा खरचटला, तर चांगला कारागीर तेथे रंग भरतो; पाहणाऱ्याचे लक्ष आजोबांच्या डोळ्यांकडे असते. एकरंगी चित्रात डोळ्याला जावयास दुसरी जागाच नसते. रुपयाएवढा डाग पडला, की पाहणारा चित्र पाहत नाही, डागच पाहतो.

हे दुखणे जगभरचे आहे. अमेरिकेत ॲड राइनहार्ट नावाचा चित्रकार होऊन गेला; १९६७ साली तो वारला. अखेरच्या वर्षांत त्याने पाच फूट चौरस अशी काळीच चित्रे केली. रंगातले तेल जमेल तितके काढून टाकून तो असा कोरडा, मंद पृष्ठभाग साधी, की नुसते बोट लागले तरी चकाकता ओरखडा उठे. त्याच्या हयातीत बिघडलेली चित्रे परत येत आणि तो स्वतः ती पुन्हा रंगवून देई. तो गेल्यावर रंगवणार कोण? त्याचे एक काळे चित्र पूर्वीच्या दुरुस्त्यांनी इतके झाकले गेले, की विमा कंपनीने ते गुगेनहाइम संग्रहालयाला केवळ अभ्यासासाठी देऊन टाकले. तेथल्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे थर तपासले, लेसर किरणांनी वरचा परका रंग काढून पाहिला, आणि २००८ साली त्या सगळ्या खटाटोपाचेच प्रदर्शन मांडले. दुसरी गोष्ट ॲमस्टरडॅमची. बार्नेट न्यूमनच्या भल्या मोठ्या लाल चित्रावर १९८६ साली एकाने सुरी चालविली. दुरुस्त होऊन ते १९९१ साली परतले, तेव्हा जाणकारांनी आक्षेप घेतला, की मूळ लाल रंगाची सगळी धडधड नव्या रंगाच्या रोलरखाली गाडली गेली आहे. सुरीने जे केले नाही ते दुरुस्तीने केले, अशी ती तक्रार होती, आणि तो वाद पुष्कळ वर्षे चालला.

या दोन गोष्टी मी भाच्याला सांगितल्या, त्याला कारण होते. आमच्या येण्याआधी त्याने बाजारातल्या एका फ्रेमवाल्याला बोलावून विचारले होते. तो गृहस्थ म्हणाला होता, “काही नाही साहेब, सगळ्यावर वार्निशचा एक हात मारतो, डाग दिसणारच नाही.” आणि ते खरेही होते. सगळे चित्र पाटीसारखे चकाकू लागले असते, म्हणजे डाग दिसला नसता. “हजार रुपये सांगितले होते,” भाचा म्हणाला. मी म्हटले, “ते हजार वाचले हे तुझं भाग्य.”

संध्याकाळी दिवे मालवून आम्ही चित्र उभे केले आणि मी टॉर्च त्याच्या कडेला, भिंतीला जवळजवळ चिकटून, तिरकी धरली. हा जुना साधा उपाय आहे. त्याने रंगाचा प्रत्येक उंचवटा सावली टाकतो. समोरून सपाट दिसणारा राखी रंग एकदम नांगरलेल्या शेतासारखा उठून आला. वरून खाली जाणारे सुरीचे पट्टे, मध्ये कोठे कोठे निळसर थराची किनार. सूनबाई दारातून पुढे आली आणि प्रथमच बोलली, “इतकं होतं यात?”

एवढ्यात मला आणखी काही दिसले. नव्या डागाच्या खाली, उजव्या कोपऱ्याकडे, फिकट चकाकीच्या कमानी होत्या. हात अर्धवर्तुळात फिरला म्हणजे उमटाव्यात तशा. एकीवर दुसरी, पुष्कळ वर्षांच्या. त्या आठ दिवसांच्या नव्हत्या. पण हा माझा अंदाज होता, आणि अंदाजावर घरात आणखी कोणाचे नाव घेणे मला योग्य वाटले नाही. मी टॉर्च बंद केली.

मग मी चित्र उलटे पाहू म्हटले, तर पाठीमागे कडेपर्यंत हार्डबोर्ड ठोकलेला. पूर्वी कधी तरी फ्रेम बदलताना ठोकला असावा. चित्राचे मोल ठरविताना पुढल्या बाजूइतकीच मागली बाजू बोलते. चित्रकार बहुधा तेथे सही करतो, साल घालतो. गायतोंड्यांच्या अनेक कॅनव्हासांच्या पाठीवर देवनागरीत सही आढळते. प्रदर्शनाची चिठ्ठी, दुकानाचा शिक्का, कॅनव्हासाची वीण, खिळ्यांचा गंज, आतल्या चौकटीचे लाकूड, कोपऱ्यांतल्या पाचरी, हे सगळे साक्षीदार तेथेच बसलेले असतात. भाचा पक्कड आणावयास उठला. मी त्याला बसविले. ठोकलेला बोर्ड उचकटताना कॅनव्हासला मागून धक्का बसला, तर पुढला रंग तडकतो. तो तडा आज दिसत नाही, दोन वर्षांनी जाळे होऊन दिसतो.

मग आमची शोधाशोध सुरू झाली. लखनौला सांस्कृतिक संपदेच्या जतनासाठी केंद्र सरकारची प्रयोगशाळा १९७६ पासून आहे, आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही जतनाचे काम चालते. अशा ठिकाणी शिकून आलेली माणसे आता आपल्या शहरांतही भेटतात. विचारले पाहिजे इतकेच. ओळखीतून एका बाईंचे नाव मिळाले. त्या चार दिवसांनी येतो म्हणाल्या. तोवर आम्ही कापसाच्या स्वच्छ चादरीच्या आडोशाने चित्र आतल्या खोलीत उभे करून ठेवले, चादर पृष्ठभागाला लागणार नाही अशी.

मधल्या दिवसांत मी भाच्याला आणि सूनबाईला तलावाकाठच्या भारत भवनात नेले. चार्ल्स कोरिया यांनी उतारावर बसविलेली ती वास्तू १९८२ साली उघडली. जगदीश स्वामीनाथन यांनी तेथे आधुनिक चित्रकार आणि आदिवासी कलावंत यांना एका छपराखाली, एकाच मानाने बसविले. भोपाळात इतकी वर्षे राहूनही दोघे तेथे फक्त नाटकाला गेली होती. चित्रांसमोर उभे राहिल्यावर भाच्याचा पहिला प्रश्न किमतीचाच होता. सूनबाई मात्र प्रत्येक चित्राच्या बाजूला जाऊन तिरके पाहत होती. टॉर्च नसली तरी तिला आता कसे पाहावे ते कळले होते.

बाई आल्या त्या एका छोट्या पेटीसह. प्रथम त्यांनी चित्राला हात लावला नाही. पुढून, मागून, कोपऱ्यांतून, मोजपट्टी ठेवून फोटो काढले. नंतर खोली अंधारी करून जांभळ्या किरणांचा दिवा फिरविला. पुढे कोणी रंग भरला असता किंवा वार्निश लावले असते, तर त्या दिव्यात ते बहुधा वेगळे दिसले असते. काही दिसले नाही. “चित्र अस्पर्श आहे,” त्या म्हणाल्या, “म्हणजे रंगाच्या बाबतीत. पुसण्याच्या बाबतीत नाही.” आणि त्यांनी नेमक्या त्या कमानींवर बोट दाखविले, स्पर्श न करता. “हा मधला डाग ताजा आहे. पण या खुणा जुन्या आहेत. कोणी तरी वर्षानुवर्षे, कोरड्या कपड्याने, नेमाने पुसत आलं आहे.”

खोलीत कोणी बोलेना. मग अक्का हळूच म्हणाली, “हेच पुसायचे. दर दसऱ्याला. आंघोळ करून, धुतलेल्या पंचानं. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत.”

सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आले. भाऊजींनी जे प्रेमाने पन्नास वर्षे केले, तेच तिने एकदा केले होते. फरक ओल्या आणि कोरड्या फडक्याचा. आपल्या घरांत जपणे म्हणजे पुसणे, घासणे, लखलखीत ठेवणे. समई घासावी, देव उजळावेत, तसबिरी पुसाव्यात. हेच आपण लेकीसुनांना शिकवीत आलो. या एका वस्तूचे जपणे नेमके उलट आहे, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. ज्याला चित्र सर्वांत प्रिय होते त्यालाही ते ठाऊक नव्हते. भाच्याने त्या दिवशी बायकोला काय म्हटले ते मी ऐकले नाही, पण रात्री जेवणाच्या पाटावर दोघे एकमेकांशी बोलत होती.

मग बाईंनी खिळे एकेक करून काढले आणि बोर्ड अलगद उचलला. आत कुंभारीण माशीचे वाळलेले मातीचे घर, धुळीची झालर, आणि कॅनव्हासवर काळ्या रंगात देवनागरी अक्षरे. भाच्याने श्वास रोखला. एक नाव होते, आणि ‘१९६६’. ते नाव गायतोंडे नव्हते. ते मी कधी ऐकलेलेही नव्हते. चौकटीच्या फटीत घडी घातलेली पावती सापडली: त्याच चित्रकाराने दिलेली, तीनशे रुपये पोचल्याची, तीन हप्त्यांत. भाऊजींचा त्या वेळचा पगार काय असेल हे मनात धरले, म्हणजे त्या तीन हप्त्यांचा अर्थ कळतो.

भाचा बराच वेळ खिडकीशी उभा राहिला. घरावर मजला चढवावयाचा, मुलीला बाहेर शिकावयास धाडावयाचे, असे काही बेत त्या आठ-दहा दिवसांत मनात उभे राहिले असतील; त्यात त्याचा दोष मी मानत नाही. अक्का मात्र पावती हातात घेऊन म्हणाली, “बरं झालं. आता घरातच राहील.”

मोल ठरविणे म्हणजे काय, याविषयी बाई जे बोलल्या ते मी येथे थोडक्यात देतो, कारण आपल्यापैकी अनेक घरांत अशी न ओळखलेली चित्रे असतील. किंमत ही शेवटची गोष्ट. आधी कर्ता कोण, हे सहीने, पावतीने, प्रदर्शनाच्या पत्रकाने, घरातल्या पत्रांनी शाबीत व्हावे; नुसते ‘तसेच दिसते’ म्हणून होत नाही, आणि मोठ्या नावांच्या बनावट चित्रांना बाजारात तोटा नाही. मग चित्र कोणाकडून कोणाकडे आले, ही साखळी अखंड हवी. मग साल, आकार, स्थिती. आणि स्थितीत सर्वांत मोठा गुण हा, की त्याला कोणी ‘नवे’ केलेले नसावे. जी पावती टाकावीशी वाटते तीच कधी चित्राइतकी मोलाची ठरते. म्हणून ती पावती, ते फोटो आणि अक्काला आठवते ते सगळे, एका वहीत लिहून ठेवावे, असे ठरले. लिहिण्याचे काम सूनबाईने घेतले.

डागाविषयी बाई म्हणाल्या, “मी काही करणार नाही.” चमक घालविण्यासाठी वर काही लावले, तर ते पुढे निघेल याची खात्री देता येत नाही, जे उलटवता येत नाही ते करू नये, हा त्यांच्या विद्येचा पहिला नियम. मऊ ब्रशने, न घासता, त्यांनी मागची धूळ काढली, मातीचे घर सोडविले, आणि मागे हार्डबोर्डऐवजी आम्ल नसलेला पुठ्ठा बसविला. बाकीचे उपाय घरच्यांनीच करावयाचे होते. बाहेरच्या भिंतीवर चित्र नको. पावसाळ्यात ती ओल धरते आणि मागे बुरशी येते. कूलरच्या झोतासमोर नको. वैशाखातली कोरडी हवा आणि कूलरचा दमट वारा यांत कॅनव्हास रोज ताणतो आणि ढिला पडतो, आणि रंग त्याच्याबरोबर फार दिवस नाचू शकत नाही. ओलावा साधारण निम्म्यावर, पन्नास टक्क्यांच्या आसपास असावा. पण आकड्यापेक्षा तो स्थिर असणे महत्त्वाचे. देवघराजवळ नको, धूप आणि उदबत्तीची काजळी मंद रंगात मुरते. ऊन तर मुळीच नको. संग्रहालयेही तैलरंगाच्या चित्रावर दोनशे लक्सहून अधिक उजेड सहसा पाडीत नाहीत, आणि पश्चिमेच्या खिडकीतले ऊन त्याच्या कितीतरी पट असते. चौकट आणि भिंत यांत बुचाचे तुकडे घालून बोटभर फट ठेवावी, म्हणजे हवा खेळते. कापलेला बटाटा, कांदा, पावाचा गर, असे जे उपाय वडीलधारी माणसे सांगतात, त्यांतला एकही करू नये. आणि उचलताना दोन्ही कडांनी उचलावे. मागून कॅनव्हासला बोट टेकवू नये.

निघावयाच्या आदल्या संध्याकाळी चित्र मधल्या खोलीच्या आतल्या भिंतीवर चढले. भाच्याने स्वतः पातळी धरून खिळा मारला. दिवा बाजूने येईल असा लावला, त्यामुळे सुरीचे पट्टे आता समोरूनही दिसतात. मधला डागही दिसतो, आणि नीट पाहिले तर कोपऱ्यातल्या भाऊजींच्या कमानीही. अक्का समोरच्या खुर्चीत बसून वाती वळीत होती. मी विचारले, “तुला कधी कळलं का ग, यात काय आहे ते?” ती म्हणाली, “मला काय कळणार. पण हे संध्याकाळी कामावरून आले की आधी इथे बसत. चहा निवून जायचा.”

इंदुरास परतल्यावर पंधरा दिवसांनी भाच्याचा फोन आला. किमतीचे त्याने काही विचारले नाही. १९६६ च्या त्या चित्रकाराचा ठावठिकाणा कोठे लागेल, जुन्या प्रदर्शनांची पत्रके कोणाकडे मिळतील, हे तो विचारीत होता. मी दोन-तीन जागा सुचविल्या. वाचकांपैकी कोणाच्या घरी साठीच्या दशकातल्या मुंबईच्या प्रदर्शनांची जुनी पत्रके असतील, तर ती रद्दीत घालण्यापूर्वी एकदा चाळून पाहावीत. कोणाच्या तरी चित्राच्या पाठीवरचे नाव त्यांत असेल.